मागच्या चाकाचे बेअरिंग: किलोमीटर मोजायचे की पावसाळे?

जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या मागच्या चाकाचे बेअरिंग किती किलोमीटरला बदलावे, असे गॅरेजमध्ये हमखास विचारले जाते. प्रश्न साधा वाटतो, पण बेअरिंग धावूनच झिजते असे त्यात आधीच धरून चाललेले असते. रोज ऑफिसला नेल्या जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत ते खरे आहे. नाशिकच्या एखाद्या बंगल्याच्या पोर्चमध्ये वर्षातले अकरा महिने कापडाखाली उभ्या राहणाऱ्या एमजी किंवा ट्रायम्फच्या बाबतीत ते जवळजवळ खोटे आहे. शिवाय आता कायद्यानेही ही गाडी बसूनच राहील अशी सोय केली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या वाहनांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आली. अशी नोंदणी घेतलेली गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला ती बंद. म्हणजे वर्षाला हजार किलोमीटर झाले तरी पुष्कळ म्हणायचे. अशा गाडीला किलोमीटरची मोजपट्टी लावणे म्हणजे देव्हाऱ्यातल्या समईचे तेल रॉकेलच्या मापाने मोजण्यासारखे आहे. माझे म्हणणे असे की, या गाड्यांत मागच्या बेअरिंगचे आयुष्य आधी ऑइल सील ठरवते, मग फिटरने ठेवलेली फट ठरवते, आणि बेअरिंग गेल्यावर नुकसान किती व्हायचे ते एक्सलची जात ठरवते. किलोमीटरचा क्रम त्यानंतर लागतो.

हे नुसते मत नाही. साध्या गणिताने पडताळता येते. बॉल बेअरिंगचे आयुष्य काढण्याची जी रीत लुंडबर्ग आणि पामग्रेन या स्वीडिश अभियंत्यांनी १९४७ मध्ये मांडली, ती आजही जगभर वापरली जाते. बेअरिंगच्या क्षमतेला त्यावरच्या भाराने भागायचे, उत्तराचा घन करायचा, की तितके दशलक्ष फेरे दर शंभरातली नव्वद बेअरिंगे तरी पुरी करतात. रोलर बेअरिंगला घनाऐवजी दहा तृतीयांश घात धरतात. समजा, मागच्या बेअरिंगची क्षमता त्यावरच्या सरासरी भाराच्या पाचपट आहे. पाचाचा घन सव्वाशे, म्हणजे साडेबारा कोटी फेरे. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे १.८५ मीटर पुढे जाते असे धरले, तर हे अंतर दोन लाख तीस हजार किलोमीटर भरते. वर्षाला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला त्यासाठी दोनशे तीस वर्षे लागतील. भार दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर, म्हणजे एकोणतीस हजार किलोमीटरच्या आसपास येते, आणि तरीही ते एका माणसाच्या हौसेला पुरून उरते. तेव्हा पोलाद थकून बेअरिंग जाणे ही या गाड्यांतली नित्याची घटना असूच शकत नाही. बेअरिंग बनवणाऱ्या एसकेएफ कंपनीने अनेक वर्षे दिलेल्या वर्गवारीतही अकाली गेलेल्या बेअरिंगांपैकी निव्वळ थकव्याचा वाटा साधारण एक तृतीयांश आहे. बाकीचा दोष वंगणाचा, आत शिरलेल्या घाणपाण्याचा आणि चुकीच्या बसवणीचा. ती वर्गवारी कारखान्यांतल्या, दिवसरात्र फिरणाऱ्या यंत्रांची आहे. उभ्या गाडीत थकव्याचा वाटा आणखी घटेल आणि उरलेल्या तिघांचा वाढेल, हे सांगायला पंडित लागत नाही.

पण बेअरिंग गेले तर काय होईल याचे उत्तर सगळ्या गाड्यांत एक नाही, आणि देखभालीवरच्या बहुतेक चर्चा इथेच घसरतात. मागच्या एक्सलच्या मुख्य जाती तीन. सेमी-फ्लोटिंगमध्ये चाक थेट हाफ शाफ्टच्या टोकाला बसवलेले असते आणि बेअरिंग शाफ्ट व एक्सलची नळी यांच्या मध्ये. गाडीचे वजनही शाफ्टवर आणि इंजिनचा जोरही शाफ्टवर. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० मध्ये हीच रचना होती, आणि मुंबई-नाशिक पट्ट्यातल्या एका अख्ख्या पिढीची स्पोर्ट्स गाडी खरे तर तीच. जुहूच्या धावपट्टीवर आणि मद्रासजवळच्या शोलावरमला शर्यतींत धावलेल्या फियाटी आठवणारे लोक अजून आहेत. या रचनेत बेअरिंगला शाफ्टवर धरून ठेवते ती गरम करून बसवलेली एक कडी. ती सरकली, तर शाफ्टसकट चाक बाहेर येऊ लागते. फुल-फ्लोटिंगमध्ये हब नळीवरच्या दोन बेअरिंगांवर फिरतो, शाफ्टकडे फक्त फिरवण्याचे काम. ट्रकमध्ये शाफ्ट ओढून बाहेर काढला तरी चाक उभे राहते ते यामुळे. या दोहोंच्या मधली थ्री-क्वार्टर फ्लोटिंग रचना एमजीए आणि सुरुवातीच्या एमजीबीत आहे: नळीवर एकच बेअरिंग, आणि हबला सरळ ठेवण्याचे काम शाफ्टच्या बोल्ट लावलेल्या फ्लँजकडे. चाक हाताने हलते, ही तक्रार तिन्ही गाड्यांत सारखीच ऐकू येईल. पण एकीत ती पुढच्या रविवारपर्यंत थांबू शकते आणि दुसरीत गाडी फाटकाबाहेर काढणेही शहाणपणाचे नसते. नुसते मॉडेलचे नाव पुरत नाही. एमजीबीतच जीटी १९६५ साली नव्या नळी-एक्सलसह आली आणि उघड्या गाडीला तो १९६७ मध्ये मिळाला. तेव्हा 'एमजीबीचे मागचे बेअरिंग द्या' असे दुकानात सांगणे म्हणजे अर्धाच पत्ता सांगणे.

या सगळ्यात सर्वांत शिकवून जाणारे उदाहरण भारतातलेच आहे, आणि गंमत म्हणजे ते स्पोर्ट्स गाडीचे नाही. ट्रायम्फ स्पिटफायर १९६२ मध्ये इंग्लंडात आली, ती ट्रायम्फच्याच आधीच्या हेराल्ड गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली होती. हेराल्डचा भारतीय अवतार स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती १९६१ पासून बनवली आणि महाराष्ट्रातल्या डॉक्टर-वकिलांच्या दारात ती बरीच वर्षे दिसत राहिली. म्हणजे नाशिकमधल्या एखाद्या स्टँडर्ड हेराल्डचे मागचे चाक उघडणारा फिटर मूळ धाटणीने स्पिटफायरचेच मागचे चाक उघडत असतो. इथे शाफ्ट स्वतःच चाकाला जागेवर धरतो. चाक वरखाली झाले की शाफ्ट डिफरन्शियलपाशी झोका घेतो, म्हणून स्विंग एक्सल. वळणावर रस्ता चाकाला जे आडवे ढकलतो, ते सगळे बाहेरच्या हाउसिंगमधल्या बेअरिंगांवर येते: एक बॉल बेअरिंग आणि एक नीडल रोलर. नीडलला आतली वेगळी रिंग नाही. सुया थेट शाफ्टच्या अंगावर फिरतात. म्हणून नीडल बेअरिंग सुकले की एकट्या बेअरिंगवर भागत नाही, शाफ्टला खाच पडते, आणि नवे नीडल आणून त्या खाचेवर बसवणे म्हणजे पैसे गटारात टाकणे. त्यातून शाफ्ट कमकुवत होऊन तुटला, तर चाक वेगळे होते. स्पिटफायरच्या मालकांची जगभरची जुनी भीती ती हीच.

यावर निर्मात्याने उपाय ठेवला नव्हता असे नाही. हाउसिंगला एक छोटा प्लग आहे; तो काढून तिथे ग्रीस निपल लावायचे, गनने ग्रीस भरायचे, निपल काढून प्लग परत लावायचा. निपल कायमचे का ठेवले नाही, हे कोडेच आहे; पण परिणाम स्पष्ट झाला. दिसत नाही त्याला ग्रीस मिळत नाही. गाडी धुऊन ग्रीस मारणाऱ्या सर्व्हिस स्टेशनचा पोऱ्या निपल शोधतो, प्लग शोधत नाही. त्यात हब शाफ्टवर निमुळत्या खोबणीत असा घट्ट बसतो की तो काढायला जाड पुलर लागतो. हातोड्याने ठोकला तर शाफ्टचे टोक फुगते किंवा ड्रम वाकतो. पुलर नसलेल्या गॅरेजने मागचे बेअरिंग 'ठीक आहे' म्हणणे साहजिकच होते. शेवटी १९७२ साली स्टँडर्डने चार दारांची गॅझेल आणली तेव्हा इंजिन तेच ९४८ सीसीचे ठेवले, पण मागचा स्विंग एक्सल काढून साधा सरळ एक्सल घातला. इथल्या गिऱ्हाइकांना आणि मिस्त्रींना जुनी रचना मानवली नव्हती. बाकी जवळजवळ सगळे चालवून घेऊन एका कंपनीने मागचा एक्सल बदलावा, याहून मोठा पुरावा देखभालीच्या प्रश्नाला कुठून आणायचा? माझ्या मते मूळ रचना वाईट नव्हती. ती ज्या हातांत पडली त्या हातांना तिची माहिती आणि पुलर, दोन्ही मिळाले नाही. आज जे कोणी हेराल्ड किंवा स्पिटफायर जपतात त्यांच्यापुढेही नेमका हाच पेच आहे, कारण गॅझेलसारखी पळवाट त्यांना नाही.

आता फटीचा मुद्दा. आपल्याकडे चांगल्या मिस्त्रीची एक ओळख अशी मानली जाते की त्याने कसलेला नट हलत नाही. सायकलच्या कोन-कपपासून ही समजूत आली असावी. टेपर रोलर बेअरिंगमध्ये ती थेट घात करते. जग्वार ई-टाइपच्या मागच्या हबमध्ये शाफ्टच्या दिशेने दोन ते सहा थाऊ, म्हणजे ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर मोकळीक ठेवायला निर्माता सांगतो. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे सगळा खेळ एक-दोन केसांच्या जाडीचा. तो हाताला कळत नाही, डायल गेजलाच कळतो. ही मोकळीक का? गाडी धावताना हब आणि शाफ्ट तापतात, पसरतात. थंड असताना घट्ट केलेले बेअरिंग गरम झाल्यावर आणखी आवळते, ग्रीसची साय फुटते, रोलरच्या टोकांना निळसर डाग पडतात आणि मग काही तासांत सगळे संपते. उलट मोकळीक जास्त झाली तर भार मोजक्या रोलरांवर येतो आणि सीलच्या ओठाला धक्के बसून तो गळू लागतो. काही गाड्यांत पुढच्या चाकाला प्रीलोड, म्हणजे मोकळिकीऐवजी थोडा आधीचाच दाब, देतात, मग मागच्याला का नाही, अशी शंका काही जाणकारही काढतात. उत्तर सोपे आहे: प्रीलोड द्यायचा की मोकळीक ठेवायची, हे बेअरिंगची जात नव्हे, ती विशिष्ट रचना ठरवते, दोन्ही टेपरच असले तरी एकाचे माप दुसऱ्याला लावता येत नाही. एमजीएच्या बॉल बेअरिंगमध्ये तर तिसराच हिशेब आहे. तिथे बेअरिंगची बाहेरची रिंग हबच्या कडेपेक्षा एक ते चार थाऊ वर राहायला हवी, म्हणजे शाफ्टची फ्लँज बोल्टने आवळली की रिंग चिमटीत धरली जाते. कोणी मधे जाड कागदी गॅस्केट घातले की ही चिमटी जाते, रिंग हबमध्ये फिरू लागते आणि काही महिन्यांनी हबच निकामी होतो. दोष मात्र 'आजकालच्या बेअरिंगां'ना दिला जातो.

मापाच्या बाबतीत नाशिकचे एक बलस्थान आहे, आणि त्याचा पुरेसा वापर होत नाही असे मला वाटते. हे जीपचे शहर आहे. सातपूरला महिंद्राचा कारखाना, भोवताली अंबडपर्यंत पसरलेले सुटे भाग बनवणारे शेड, आणि गावोगाव जुन्या जीपगाड्या. जुन्या सीजे जीपच्या मागच्या एक्सलमध्ये शाफ्टची मोकळीक पातळ शिमा घालून काढून जुळवतात. जग्वारच्या एक्सके मालिकेतल्या सरळ एक्सलचीही पद्धत मुळात तीच. म्हणजे ज्या फिटरने निफाड-पिंपळगावकडच्या जीपांच्या शिमा लावण्यात उमेदीची वर्षे घालवली, तो जग्वारपुढे अडाणी ठरत नाही. त्याला फक्त माप सांगणारा कागद हवा आणि डायल गेज हवा. अंबडच्या कोणत्याही बऱ्या लेथवाल्याकडे तो असतो. आणि अठरा-वीस किलोमीटरवर ओझरला एचएएलच्या कारखान्यात १९६० च्या दशकापासून मिग विमाने जोडली-दुरुस्त केली गेली आहेत. विमानाच्या कामात कोणता भाग कोणी, कधी, कोणत्या मापाला बसवला याची नोंद नसेल तर तो भाग बसवलाच गेला नाही असे धरतात. त्या शिस्तीत वाढलेले निवृत्त लोक याच शहरात राहतात. जुन्या गाडीच्या मालकाने परदेशी क्लबाकडे सल्ला मागण्याआधी आपल्या गल्लीत एकदा चौकशी करावी.

आता पाण्याकडे वळू, कारण नाशिककर मालकाचा खरा शत्रू ते आहे. शहरात पाऊस बेताचा. पण मुंबईची वाट कसारा घाटातून आणि इगतपुरीवरून जाते, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मुंबईच्या रॅलीला जुलै-ऑगस्टमध्ये कोणी जात नाही हे खरे, पण उघड्या ट्रकवरून गाडी आणताना, घाटात अवकाळी सरीत सापडल्यावर किंवा परतल्यावर प्रेशर पंपाने चाके धुताना जे पाणी आत जाते त्याला ऋतू लागत नाही. तापलेला हब एकदम गार पाण्याने निवला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठाखालून पाणी ओढून घेते. पुढे गाडी आठ महिने एकाच जागी उभी. ग्रीसमधले पाणी रोलर आणि रिंग जिथे टेकतात तिथे जमते, आणि रोलरांच्या अंतराने रिंगवर गंजाच्या रेघा उमटतात. अशी रिंग पुढे किती का कमी धावेना, तिची घरघर जाणार नाही. दुसरा प्रकार आणखी फसवा आहे. गाडी न फिरता नुसती हादरत राहिली, तर रोलर एका जागी बारीक-बारीक घासून खळगे पाडतात आणि त्यात लालसर भुकटी साचते. १९३० च्या दशकात डेट्रॉइटहून रेल्वेने पाठवलेल्या कोऱ्या गाड्यांची बेअरिंगे पोचेपर्यंत खराब झालेली निघाली, तेव्हा हा प्रकार नीट तपासला गेला. आपल्याकडे ट्रकवर दोरखंडाने आवळून जुन्या गाड्या रॅलीला नेतात, ती हीच परिस्थिती. 'गाडी तर चालवलीच नाही, मग बेअरिंग गेले कसे?' या नेहमीच्या आश्चर्याचे उत्तर त्या न चालवण्यातच आहे. महिन्यातून एकदा त्र्यंबकच्या रस्त्याने जाऊन येण्याएवढी, म्हणजे साठेक किलोमीटरची फेरी गाडीला द्यावी. अंगणात इंजिन सुरू करून बंद करण्याने मागच्या चाकाला काडीचाही फायदा नाही.

ग्रीसबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, भरपूर ग्रीस म्हणजे भरपूर रक्षण. रोलर आणि पिंजरा ग्रीसने नीट माखलेला हवा, पण हबची पोकळी अर्ध्याहून कमीच भरावी. जास्त भरले तर ते घुसळले जाऊन तापते, पातळ होते आणि सील ओलांडून ब्रेकच्या लायनिंगवर येते. मग मालक ब्रेक लागत नाही म्हणून ब्रेकवाल्याकडे जातो. दुसरा गैरसमज, ग्रीस म्हणजे ग्रीस, निळे काय नि लाल काय. रंगाला खरोखर अर्थ नाही, तो कंपनीने घातलेला रंगच. पण आतल्या साबणाला अर्थ आहे. लिथियमच्या ग्रीसमध्ये मातीवर आधारलेले किंवा काही पॉलियुरिया ग्रीस मिसळले तर मिश्रण पातळ होऊन वाहू शकते. आधी काय घातले होते हे माहीत नसेल तर जुने सगळे धुऊन काढणे हाच सुरक्षित मार्ग. आणि काही एक्सलांना ग्रीस लागतच नाही. एमजीएच्या त्या थ्री-क्वार्टर एक्सलमध्ये मागच्या बेअरिंगला वंगण डिफरन्शियलच्या तेलातूनच मिळते. तिथे तेलाची पातळी पाहणे हीच बेअरिंगची देखभाल. ड्रममध्ये तेल दिसले की सील बदलले जाते, तरी पुन्हा गळते, पुन्हा बदलले जाते. एक्सलच्या नळीवरचे हवा सुटण्याचे बारीक छिद्र चिखलाने बंद झाले आहे का, हे कोणी बघत नाही. ते बंद असेल तर तापलेली हवा तेलाला ढकलणारच. तारेच्या तुकड्याने होणारे काम असे महिनोन्‌महिने लांबते.

मग ही कटकट हवीच कशाला, कायमचे सीलबंद बेअरिंग बसवून मोकळे व्हावे, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. आधुनिक गाड्यांत तेच आहे आणि ते टिकते. स्पिटफायरसाठी इंग्लंडात बदललेल्या रचनेचे शाफ्ट आणि हबचे संच विकलेही जातात. जो गाडी खरोखर पळवतो त्याने ते घ्यावेत, चाक सुटण्यापेक्षा मूळपणा सुटलेला बरा. पण जुन्याच जागेत नुसते सीलबंद बेअरिंग ठोकून बसवणे हे वेगळे. तेलावर चालणाऱ्या जागी रबरी सील तेल अडवते आणि बेअरिंगला कारखान्यातल्या मूठभर ग्रीसवर जन्म काढावा लागतो. शिवाय सीलबंद ग्रीसही वयाने म्हातारे होते. न फिरणाऱ्या बेअरिंगमधून तेल वेगळे होऊन घट्ट गाळ उरतो. ज्या गाडीची मोजणी वर्षांत आहे तिला 'बसवा आणि विसरा' लागू होत नाही, कारण विसरण्याला इथे अंत नाही.

आवाजावरून निदान करण्याची आपली परंपरा मोठी आहे आणि कान हे हत्यार वाईट नाही, फक्त अपुरे आहे. वेगाबरोबर वाढणारी घरघर क्लच दाबल्यावर किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर बदलत नसेल, तर संशय चाकाकडे वळतो. बदलत असेल तर डिफरन्शियलकडे. मोकळ्या रस्त्यावर गाडी किंचित डावीकडे वळवल्यावर आवाज वाढला तर उजवे चाक बघावे, कारण भार तिकडे गेला. निघताना किंवा ब्रेक मारताना एकदाच 'टक्' असा ठोका येत असेल तर तारेच्या चाकांच्या गाड्यांत बेअरिंगआधी हबवरचे दाते तपासावेत. झिजलेल्या दात्यांपायी चांगली बेअरिंगे काढून फेकली जातात. गाडी घोडीवर घेऊन चाक हाताने सावकाश फिरवताना दुसरा हात पाट्यांच्या स्प्रिंगवर ठेवला तर कानाला न येणारा खरखरीतपणा बोटांना कळतो. तीसेक किलोमीटर चालवून दोन्ही हबचे तापमान ताडून पाहावे. आकडा किती याला महत्त्व कमी, दोन बाजूंत फरक किती याला जास्त. ड्रम उघडल्यावर भुकटी हवेच्या पाइपने उडवू नये. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे.

बेअरिंग बदलायचेच ठरले तर अंकांची भाषा यायला हवी. ६२०५ मधल्या शेवटच्या ०५ ला पाचाने गुणले की आतला व्यास, पंचवीस मिलिमीटर, कळतो. सी३ म्हणजे आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त. पण ब्रिटिश गाड्यांत कित्येक जागा इंचांच्या आहेत, आणि एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. हा ०.४ मिलिमीटरचा फरक 'थोडे घासून' मिटवण्याचा मोह अनेक शाफ्टांच्या मुळावर आला आहे. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर इंचाची टेपर बेअरिंगे मिळतात. नीडल रोलरसाठी तर देशातली पहिली कंपनी एनआरबी १९६५ पासून ठाण्याची, आणि एसकेएफचा कारखाना चिंचवडला. तेव्हा माल इंग्लंडहूनच यायला हवा असे नाही. नकली मालाची भीती मात्र खरी आहे: खोक्यावरचा छाप हुबेहूब आणि किंमत निम्मी असेल तर दुकानदाराकडून पक्के बिल मागावे, तिथेच खरेखोटे बरेचसे होते. 'मूळ जुने बेअरिंगच बरे, तसे पोलाद आता येत नाही' असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगता येईल की वितळलेल्या पोलादातली अशुद्धी काढण्याचे तंत्र गेल्या साठ वर्षांत पुढेच गेले आहे. जुने बेअरिंग धुऊन, भिंगाखाली निर्दोष दिसले तर जरूर ठेवावे. पण ते चांगले दिसते म्हणून ठेवावे, जुने आहे म्हणून नव्हे. बसवताना जोर ज्या रिंगवर घट्ट बसायचे तिच्यावरच द्यावा, नाहीतर गोळ्यांमधून जोर जाऊन रिंगवर खळगे पडतात. तेलात किंवा हीटरवर शंभर-एकशे दहा अंशांपर्यंत तापवलेले बेअरिंग हाताच्या जोराने सरकते. गॅसच्या ज्वाळेने तापवलेले निकामी समजावे. प्रत्येक वेळी सील नवेच घालावे. बेअरिंगच्या मानाने ते किरकोळ किमतीत येते आणि बेअरिंगचे सगळे भवितव्य त्याच्यावर असते, तरी काटकसर नेमकी तिथेच केली जाते.

एक आक्षेप उरतो: चाळीस वर्षे ज्याला हात लावला नाही आणि जे चालले आहे, ते उघडून बिघडवावे कशाला? अननुभवी हातांनी उघडण्यापेक्षा न उघडलेले बरे, हे मला मान्य आहे. पण उघडणे आणि मोजणे एक नव्हे. डायल गेज लावून मोकळीक मोजायला, हात लावून खरखर पाहायला आणि एक्सलचे छिद्र साफ करायला काहीच सोडावे लागत नाही. या तीन नोंदी दर वर्षी वहीत लिहिल्या आणि तिसऱ्या वर्षी मोकळीक वाढलेली दिसली, तर उघडायला कारण मिळाले. नाही दिसली तर हात न लावण्यालाही कारण मिळाले. आज बहुतेक मालकांकडे यांपैकी एकही कारण नाही, नुसता विश्वास आहे.

स्टँडर्ड हेराल्ड किंवा स्पिटफायर ज्यांच्याकडे आहे त्यांनी यंदा मृगाआधी एवढे करावे: गाडीचे मागचे टोक घोडीवर घ्यावे आणि बॅटरी घेऊन हाउसिंगवरचा तो प्लग शोधावा. त्याच्यावर सांगाड्याचा रंग सलग चढलेला दिसला, तर निदान रंगकामापासून तिथे ग्रीसचा थेंब गेलेला नाही.